माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र : सही करावी का?

माहेरवाशीण, चंदगड
माझे माहेर बेळगाव तालुक्यात असून लग्न १९९१ साली चंदगडकडे झाले. वडील २००३ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. आजोबांपासून चालत आलेली तीन एकर भातजमीन आहे. तिच्या उताऱ्यावर आपले एकट्याचे नाव लागावे म्हणून आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात, असे दादाचे म्हणणे आहे. ‘कर्नाटकात लग्न झालेल्या मुलीला वाटणी नसते,’ असे तो सांगतो. कागद कन्नडमध्ये आहे. मला कन्नड मोडकेतोडके बोलता येते, वाचता येत नाही. दादाशी वाकडे यायला नको, पण न वाचता सही करायला मन धजत नाही.

जुना कारकून, बेळगाव
ताई, आपल्या दादांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. ते फक्त जुने झाले आहे. कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला खरा, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते आणि तेच वाक्य गावोगाव अजून फिरते आहे. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही लग्नाची अट उरली नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हक्क जन्मानेच असतो, म्हणून २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर ती कायम राहते. तेवढे आधी तपासावे. आणि हक्कच नसेल, तर तो सोडून देण्याचा कागद दादांना कशाला हवा?

खानापूरचा भाऊ
दुसरी बाजूही पाहावी. आई-वडिलांचे आजारपण मी काढले, सोसायटीचे कर्ज मी फेडले. वाटणीच्या वेळी बहिणीला मात्र फक्त जमीन दिसते.

निपाणीची लेक
भाऊ, तो खर्च कागदावर मांडा आणि वाटणीत वळता करून मागा. त्यासाठी बहिणीचा हक्कच पुसून टाकावा लागत नाही. माझ्या आत्याला सब-रजिस्ट्रार कचेरीत नेले, तेव्हा मी सोबत होते. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, अंगठा घेतला. बाहेर वऱ्हांड्यातच वहिनीने ओटी भरली आणि हिरव्या काठाची साडी हातात ठेवली. दस्तात काय लिहिले होते, हे आत्याला आजतागायत कोणी वाचून दाखवलेले नाही. तिला जमीन द्यायचीच असती, तर ती आनंदाने दिलीही असती. पण तिला कोणी विचारलेच नाही. म्हणून ताई, आधी कागदाची प्रत मागून घ्या, कन्नड आणि मराठी दोन्ही येणाऱ्या, दादांच्या ओळखीच्या नसलेल्या वकिलाकडून ती ओळीने वाचून घ्या आणि दोघी बहिणींनी बरोबरच जा.

माहेरवाशीण, चंदगड
दादाला फोन करून प्रत मागितली. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, ‘रविवारी या दोघी, बसून बोलू.’ धाकटीलाही कळवले आहे.