६ ऑगस्टला हिरोशिमातली सातवी-आठवीची मुलं शाळेत का नव्हती?

आठवी_ब_च्या_बाई
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात आठवीला इतिहास शिकवते. दर ६ ऑगस्टला आमच्याकडे परिपाठात हिरोशिमावर चार वाक्यं वाचली जातात, दोन मिनिटं मौन होतं आणि पहिला तास सुरू होतो. यंदा एका मुलीने आधीच कॅलेंडर मांडून विचारलं, "बाई, १९४५ मध्ये त्या दिवशी सोमवार होता. सव्वाआठ वाजता मुलं वर्गात असतील ना? मग इतकी मुलं रस्त्यावर कशी गेली?" बॉम्बविषयी पुष्कळ माहिती मिळते. मला हवी आहे ती या वयाच्या मुलांच्या दिवसाची. सकाळी उठून कुठे जायची, काय खायची, काय अंगात घालायची, अभ्यास होता का. कुणी तिकडे राहत असेल किंवा वाचलं असेल तर सविस्तर लिहा.

हिरोशिमावासी
बाई, मी लग्नानंतर इथेच स्थायिक झाले. गावाकडून कुणी आलं की संग्रहालय दाखवायला नेते, आणि तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला तिथे दर वेळी ऐकू येतो. म्हणून जरा लांबण लावते.

मुलं वर्गात नव्हती, कारण वर्गच बंद होते. मार्च १९४५ मध्ये सरकारने ठरवलं की एप्रिलपासून वर्षभर, प्राथमिकची पहिली सहा वर्षं सोडून, बाकी सगळ्या शाळांचं शिकवणं थांबवायचं. तेव्हा प्राथमिकनंतर मुलगे माध्यमिक शाळेत जात आणि मुली मुलींच्या हायस्कूलात. तिथली पहिली-दुसरी म्हणजे वयाने आपली सातवी-आठवी, बारा ते चौदा वर्षांची मुलं. तिसरीपासून पुढची मुलं १९४४ पासूनच कारखान्यांत राबत होती. प्राथमिकच्या तिसरी ते सहावीतल्या पुष्कळ मुलांना बॉम्बहल्ल्याच्या भीतीने खेड्यांतल्या देवळांत किंवा नातेवाइकांकडे पाठवलं होतं. शहरात हाताशी राहिली ती मधली, म्हणजे ही पहिली-दुसरीची.

त्यांच्या वाट्याला आलं घरं पाडण्याचं काम. मार्चमध्ये टोकियो जळालं, एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली. हिरोशिमाही सगळं लाकडी. आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून घरांच्या रांगाच्या रांगा पाडून मोकळे पट्टे काढायचे ठरलं. मोठी माणसं खांब करवतीने अर्धे कापून दोर लावून घर ओढून पाडत. मग मुलं पुढे सरत. कौलं हातोहात पोचवायची, फळ्यांतले खिळे उपटायचे, लाकूड एकीकडे रचायचं. ऑगस्टच्या उन्हात, डोक्यावर छप्पर नाही. इथे आज जो शंभर मीटर रुंद शांती मार्ग आहे, तो अशाच मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरून जातो.

त्या सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी भोंगा झाला आणि ७:३१ ला धोका टळल्याचा इशारा आला. मुलं कामाला लागली. घरं पाडायला आलेली मुलं ८,००० हून जास्त होती, त्यांतली ६,००० च्या वर दगावली. आता तुमच्या मुलीला हे सांगा: प्रांताच्या दुसऱ्या माध्यमिक शाळेची पहिलीची तीनशेहून जास्त मुलं होनकावा नदीच्या काठावर जमली होती, त्यांतलं एकही राहिलं नाही. त्याच शाळेची दुसरीची मुलं त्या दिवशी शहराच्या पूर्वेच्या कवायत मैदानावर रताळ्याच्या शेतात तण काढत होती. ती बहुतेक वाचली. कुणाला कुठे पाठवायचं, हे कामाच्या वाटपात ठरलं होतं, बस्स.

आता दिवसाचं सांगते. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा मुलींच्या हायस्कूलात तिसरीला होत्या आणि लष्करी कपड्यांच्या डेपोत शिवणकामाला जात. त्या लाल विटांच्या चार प्रचंड इमारती अजून उभ्या आहेत, स्फोटाच्या दाबाने वाकलेल्या लोखंडी झडपांसकट. आजी सांगायच्या, सकाळी रांगेत उभं राहून हजेरी, कपाळाला पांढरी पट्टी, मग दिवसभर बटणं आणि काजी. अंगात आईच्या किमोनोची फाडून शिवलेली सैल विजार. खांद्यावर कापूस भरलेली कुंची, हल्ला झाला की डोक्यावरून ओढायची. छातीवर कापडाचा तुकडा, त्यावर नाव, पत्ता आणि रक्तगट. धातू सगळा शस्त्रांना गेल्यामुळे शाळेच्या गणवेशालाही भाजलेल्या मातीची बटणं आली होती. त्यांनी मला एक दाखवलं होतं, पांढुरकं, काठाला टवका उडालेलं. कामाचा मोबदला मिळे, पण शाळेची फी त्यातूनच कापून घेत. जेवणाच्या सुट्टीत एक शिक्षिका भिंतीवर खडूने समीकरणं लिहायच्या. मुली भात चावता चावता ती सोडवायच्या. हे सांगताना आजींचा चेहरा उजळायचा, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि भूक. खेळाच्या मैदानांवर रताळी लावली होती. संग्रहालयात पहिलीतल्या एका मुलाचा डबा आहे, होनकावाकाठच्या त्याच शाळेतला. आत सोयाबीन आणि जव मिसळलेला भात, बटाटा आणि मुळ्याची परतलेली भाजी. सगळं जळून कोळसा झालेलं. आईने स्वतः शोधून काढला तो डबा. आकड्यांच्या आधी मुलांना हा डबा दाखवा, असं मी आवर्जून सांगेन. त्यांच्या दप्तरातही रोज एक डबा असतो.

हातकागदवाला
हिरोशिमावासी ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी हाताने कागद बनवतो, म्हणून या मुलींचं एक वेगळं काम मला माहीत आहे. जपानने १९४४ च्या नोव्हेंबरपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत सुमारे ९,३०० फुगे पॅसिफिकवरून अमेरिकेकडे सोडले, खाली बॉम्ब टांगून. वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्याच्या भरवशावर. फुगा सुमारे दहा मीटर व्यासाचा आणि निव्वळ कागदाचा! तिकडच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, थरावर थर चिकटवलेला. खळ होती कोन्याकूची. हा कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला. ही चिकटवाचिकटव ठिकठिकाणी हायस्कूलच्या मुलींकडून करून घेतली. नखं बारीक कापायला लावत, कागदाला ओरखडा नको म्हणून. खळ खाण्यासारखी असल्यामुळे भुकेल्या मुली ती चोरून चाटत. थंडीत ओल्या कागदावर तासन्‌तास तळहात दाबून हवेचा एकेक बुडबुडा काढणं काय असतं, ते मी जाणतो, बोटं बधिर होतात.

५ मे १९४५ ला ओरेगॉनात सहलीला गेलेल्या मंडळींना जंगलात असा एक फुगा सापडला. पाच मुलं आणि एक गरोदर बाई ठार झाली. मुलं ११ ते १४ वर्षांची, म्हणजे चिकटवणाऱ्यांच्याच वयाची. आपण काय बनवतोय हे अनेक मुलींना सांगितलंच नव्हतं. पुढे वय झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी त्या गावाला कागदाचे हजार करकोचे करून पाठवले.

दोन_मुलांची_आई
माहिती चांगली आहे, पण बाई, तेरा वर्षांच्या मुलांना इतकं सगळं सांगावं का? माझी मुलगी आठवीत आहे. असं काही ऐकलं की रात्र रात्र झोपत नाही. आशेचं काहीतरी सांगा, कागदी करकोचे करवून घ्या, तेवढं पुरे नाही का?

हिरोशिमावासी
तुमची काळजी रास्त आहे. भाजलेल्या अंगाची वर्णनं मीही सांगत नाही, जखमांची चित्रं तर वर्गात आणूच नयेत. पण नुसते करकोचे केले तर मुलांना ते युद्ध आकाशातून पडलेल्या संकटासारखं वाटेल. ही मुलं त्या युद्धाच्या यंत्रणेत आधीच ओढली गेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. याच प्रांतात ओकुनोशिमा नावाचं छोटं बेट आहे. आज तिथे लोक सशांना गाजरं भरवायला जातात. १९२९ पासून युद्ध संपेपर्यंत तिथे लष्कराचा विषारी वायूचा कारखाना होता, आणि तो वायू चीनमध्ये वापरला गेला. बेट नकाशावरूनही काढून टाकलं होतं. तिथेही समोरच्या किनाऱ्यावरच्या शाळांतली मुलं-मुली कामाला होती. शिवाय आमच्या आजी सांगत, "आम्हाला कुणी ओढून नेलं नव्हतं गं, आम्ही अभिमानाने जायचो." शाळेत १९२५ पासून लष्करी अधिकारी नेमलेले, रोज कवायत, मुलींना भाल्याचे हात. दुसरं काही कानावरच पडत नव्हतं. तुमच्या लेकीला जळलेली शहरं नका सांगू, पण हे जरूर सांगा. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. मला तरी वाटतं, याच वयात नीट कळतं.

आठवी_ब_च्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलले, परिपाठाऐवजी पूर्ण तास मिळाला आहे. डबा, बटण आणि रताळ्याचं शेत, या तिन्हींवरून बोलणार. मुलांना त्यांच्या स्वतःच्या दिवसाचं वेळापत्रक लिहायला लावेन आणि शेजारी आजींच्या दिवसाचं. एकच राहिलं, युद्ध संपल्यावर शाळा केव्हा सुरू झाल्या?

हिरोशिमावासी
सप्टेंबरमध्येच हळूहळू. इमारती नव्हत्या तिथे उघड्यावर, विटांवर बसून. नवी पुस्तकं छापायला कागद नव्हता, म्हणून जुनीच काढली आणि शिक्षकांनी सांगितलेल्या ओळी मुलांनी स्वतः शाईने काळ्या केल्या. लष्कर, विजय, सम्राटासाठी मरण, असं सगळं. आदल्या वर्षी ज्या शिक्षकांनी तेच धडे पाठ करून घेतले, तेच आता काय पुसायचं ते सांगत होते. काही पानांवर दोन-तीन ओळीच उरायच्या. अशा पुस्तकांचे फोटो इथल्या वाचनालयातून काढता येतात का, विचारून बघते. ३१ जुलैच्या आत मिळाले तर तुमच्या तासाला उपयोगी पडतील.