साथीत अधिसूचनेवर भागतं की विधिमंडळाचा कायदा हवा?

पाटीपेन्सिल:
१४ मार्च २०२० ला महाराष्ट्र विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन गुंडाळलं (२० पर्यंत चालायचं होतं) आणि कोविडची नियमावली निघाली. पुढे सभागृह बसलं ते थेट ७ सप्टेंबरला, दोन दिवस. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड नको ही घटनेच्या कलम १७४ ची अट नसती तर तेव्हाही बसलं असतं का, शंकाच आहे. मधला कारभार मुख्यतः १८९७ च्या, प्लेगच्या वेळच्या चार कलमांच्या साथरोग कायद्यावर. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीतला, म्हणजे राज्याने कायदा करायचा विषय आहे. आपला स्वतंत्र कायदा आधीच करून ठेवायला हवा.

टाचणी:
असहमत. विधेयक म्हणजे दोन्ही सभागृहं, मग राज्यपाल. समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयात केंद्राच्या कायद्याशी घासलं तर घटनेच्या २५४(२) खाली राष्ट्रपतींकडे मंजुरीला. तोवर साथ ओसरते. २१ मे २०२० ची अधिसूचना बघा: खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांना सरकारी दर. दिवसाला वॉर्ड ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. इतक्या लवकर सभागृहातून काय निघालं असतं?

पाटीपेन्सिल:
ते दर बिलात कसे उतरले तेही बघा की. पीपीई किट दराबाहेर. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी), सीटी, एमआरआयसुद्धा बाहेर. म्हणजे खाटेचे ४,००० आणि त्याखाली किटची वेगळी ओळ, रोज. एकाच किटमध्ये डॉक्टर अख्खा वॉर्ड फिरतो, पण किट प्रत्येकाच्या बिलात चढवायची वाट मोकळी. कलमवार चर्चेत हे ‘वगळून’ कुणाच्या तरी डोळ्यात खुपलं असतं. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बिगर-कोविड रुग्णांच्या दरांचा भाग रद्दच केला, कारण ज्या कायद्यांवर अधिसूचना उभी होती त्यांत तो अधिकार नव्हता.

दप्तरी:
किटचा घोळ सुधारित अधिसूचनेनेही निस्तरता येतो. अधिकार मात्र अधिसूचनेने निर्माण होत नाही, तिथे पाटीपेन्सिल बरोबर. केरळने मार्च २०२० मध्येच अध्यादेश (सभागृह बसलेलं नसताना राज्यपालांनी काढायचा तात्पुरता कायदा) काढला: नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. सभागृह बसल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश गळतो, म्हणून २०२१ मध्ये कायदा केला. आपण बसलो तेव्हाच्या भादंविच्या (भारतीय दंड विधान) कलम १८८ वर, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्यावर. त्यातली गोम तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये: संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार नसेल तर न्यायालय दखलच घेऊ शकत नव्हतं. नुसत्या एफआयआरवर उभा केलेला खटला तिथेच लंगडा.

टाचणी:
अध्यादेशाला माझी ना नाही. पैशांचंही अडत नाही. अनपेक्षित खर्चासाठीच्या आकस्मिकता निधीतून उचलायचे, मग पुरवणी मागण्या (जादा खर्चाच्या) मंजूर करून निधी भरून काढायचा. तेवढ्याला दोन दिवसांचं अधिवेशन पुरतं.

पाटीपेन्सिल:
मागण्या मंजूर करायला पुरतं. कुठल्या खरेदीवर किती गेले हे विचारायचं तर प्रश्नोत्तराचा तास लागतो, आणि सप्टेंबरच्या त्या दोन दिवसांत तोच नव्हता.