नेटवर्क टूल्सच्या मॅन पेजमधल्या मांडणीच्या चुका: सुरुवात कुठून करू?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. दिवसभर टर्मिनलवर नेटवर्कचंच काम असतं, त्यामुळे मॅन पेज (कमांडचं माहितीपान) उघडल्याशिवाय पान हलत नाही. पण मांडणीच्या बारीकसारीक चुका फार दिसतात. अर्धा परिच्छेद उगाच ठळक, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले, एका ठिकाणी तर वाक्य मधूनच तुटलंय. कोड लिहिण्याइतका वेळ नाही, पण एवढं तरी दुरुस्त करून पाठवावं म्हणतो. ही पानं ज्या खुणांच्या भाषेत असतात ते रॉफ आजवर कधी लिहिलेलं नाही. चुका शोधायला साधन कोणतं घेऊ? आणि अख्खं पान एकदम साफ करू की थोडंथोडं?

खडूफळा
साधनाचं नंतर बघू. आधी फाइलच्या पहिल्या दोनचार ओळी वाचा. पान कशातून तयार झालंय हे बहुतेकदा तिथल्या टिप्पणीत असतं. एनमॅपचं पान डॉकबुकमधून निघतं, डिगचं स्फिंक्समधून, कर्लचं मार्कडाउनमधून (ही तिन्ही माहिती लिहिण्याची वेगळी साधनं). अशा वेळी तयार झालेल्या रॉफ फाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते, म्हणून मूळ मजकुराला हात घाला. आयपीरूट२ (लिनक्समधला नेटवर्क टूल्सचा संच) याची पानं मात्र हाताने, मॅन मॅक्रोंत (रॉफच्या तयार आज्ञांचा एक संच) लिहिलेली आहेत. बीएसडीकडची बहुतेक एमडॉक या दुसऱ्या संचात. या दोन पद्धती एकाच फाइलमध्ये मिसळू नका.

उलटीरेघ
शोधायला दोन साधनं, दोन्ही रॉफ वाचून पान छापणारी. मॅनडॉकला 'टी लिंट' (फक्त चुका तपास) पर्याय देऊन फाइल द्या. किंवा ग्रॉफला मॅन मॅक्रो सांगून डब्ल्यूडब्ल्यू (सगळ्या सूचना दाखव) आणि झेड (पान छापू नको) द्या. मी दोन्ही चालवतो, कारण एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

लिंटची यादी बघून हबकू नका. त्यातल्या 'स्टाइल' दर्जाच्या तक्रारी सरळ बाजूला ठेवा. ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली म्हणून वाचणाऱ्याचं काहीच अडत नाही. 'एरर' आणि 'वॉर्निंग' तेवढ्या बघा.

कोरीपाटी
धन्यवाद दोघांनाही! चालवून बघितलं. त्या तुटलेल्या वाक्याच्या ओळीवर ग्रॉफ म्हणतो, 'लोकल' नावाचा मॅक्रोच नाही. मी तर असा मॅक्रो कुठे पाहिला नाही?

उलटीरेघ
सापडलं की मग! मजकुरात .लोकल डोमेनचा उल्लेख असणार आणि ओळ नेमकी त्या टिंबापाशी मोडली असणार. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच रोमन.) ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं की रॉफ तिला आज्ञा समजतो. तशी आज्ञा नसली की आख्खी ओळ गडप, छापील पानावर मागमूस नाही. एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीचंही तेच. टिंबाआधी \& लिहा किंवा ओळ दुसरीकडे मोडा.

शब्द चिकटण्याचं कारण बहुधा .बीआर असेल. हा मॅक्रो पहिला शब्द ठळक, दुसरा साधा, तिसरा परत ठळक असं आलटून पालटून छापतो आणि मधल्या जागा खातो. म्हणून 'आयपी-रूट (८),' असं लिहिलं की बरोबर येतं: नाव ठळक, कंस आणि स्वल्पविराम साधे. (८) नंतर जागा सोडून स्वल्पविराम दिला तर तो ठळक होतो. आणि त्याच ओळीत पुढे वाक्य चालू ठेवलं की सगळी आगगाडी जोडली जाते. वाक्य खालच्या ओळीवर घ्या, संपलं.

खडूफळा
एक राहिलं, वजाचिन्ह. पर्यायांआधी नुसतं - असेल तर यूटीएफ-८ टर्मिनलवर ग्रॉफ त्याचा टायपोग्राफिक हायफन छापतो. पानातून कमांड कॉपी केली की चालत नाही आणि पानात शोधलं तरी सापडत नाही. तिथे \- हवं. ग्रॉफ १.२३ पर्यंत (२०२३) मॅन मॅक्रो हे गुपचूप सांभाळून घेत होते, त्या आवृत्तीपासून थांबले. डेबियन लिनक्सने जुनी सोय परत ठेवली, त्यामुळे तिथे बसून ही चूक दिसतच नाही.

सेडवाला
मग एका सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) सगळे - बदलून टाकायचे की राव. दोन मिनिटांचं काम.

उलटीरेघ
सेडवाले, असं करू नका. जोडशब्दांतला हायफन हायफनच राहायला हवा, आणि जिथे आधीच \- आहे तिथे दुहेरी बॅकस्लॅश होऊन बसेल. शिवाय चारशे ओळींचा पॅच (बदलांची फाइल) तपासायला कोण बसणार? पर्याय आणि कमांडची नावं तेवढी हाताने बदला.

कोरीपाटी
पटलं. पण दुरुस्त करताना दुसरं काही बिघडलं नाही हे कसं कळणार?

खडूफळा
जुनी आणि नवी फाइल दोन्ही साध्या मजकुरात छापा आणि डिफ (दोन्हींतला फरक) घ्या. मॅनविड्थ (पानाची रुंदी) ८० वर बांधून ठेवा, नाहीतर खिडकीच्या रुंदीप्रमाणे ओळी सरकतात. नुसती स्रोतातली नीटनेटकी आवराआवर असेल तर डिफ रिकामा यायला हवा. ठळक-तिरपं मात्र साध्या मजकुरात दिसत नाही, ते डोळ्यांनी तपासा.

पाठवताना एका प्रकारच्या चुकीचा एक पॅच. गडप झालेली ओळ आधी, तिला कुणी नाही म्हणणार नाही. आयपीरूट२ असेल तर पॅच ईमेलने जातो आणि खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते. गिटला कमिट करताना उणे एस दिलं की ती आपोआप येते.