सोसायटी ग्रुप : दिवाळीनंतर चांदोली

सेक्रेटरी : दिवाळीनंतरच्या रविवारी सहल. चांदोली की कास? रात्रीपर्यंत कळवा.

ए-१०२ : कासची फुलं तोवर संपतात. पण चांदोलीत वाघ दिसतो का? पोरं तेवढ्याच बोलीवर तयार आहेत.

बी-३०१ : वाघाच्या आशेनं पोरांना नेऊ नका, हिरमुसतील. २०१० पासून चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे खरं, पण ताडोबासारखं मोकळं रान नाही ते. सदाहरित, निमसदाहरित जंगल आहे, एक प्रकारचं वर्षावनच. अंजनी, जांभूळ, हिरडा इतके दाट की भर दुपारी खाली अंधारून येतं. दहा हातांवर गवा उभा असला तरी कळत नाही. मान वर करून शेकरू शोधायला सांगा पोरांना.

सी-२०४ : काका, वर्षावन म्हणजे बाराही महिने पाऊस ना? मग आपल्याकडं कसं?

बी-३०१ : विषुववृत्ताजवळ तसं असतं. आपल्याकडं सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, पुढचे आठ महिने कोरडे. ते आठ महिने हे जंगल तगतं कशावर, तर मुरलेल्या पाण्यावर. पालापाचोळा आणि मुळं पाऊस धरून ठेवतात, मग ओढे सावकाश वाहतात. तेच पाणी वारणेत, वारणा चांदोली धरणात, आणि पुढं सांगलीजवळ आपल्या हरिपूरला कृष्णेत. पुरात आपण धरणाच्या विसर्गाचे आकडे बघत जागतो, पण धरणाच्या वरचं रान आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? म्हणून माझं मत चांदोलीलाच.

डी-१०१ काकू : माझं माहेर शिराळ्याकडचं. धरणासाठी आणि उद्यानासाठी आतली गावं उठली, झोळंबी त्यातलंच. त्या माणसांनी घरं-शेतं सोडली तेव्हा हे रान राखलं गेलं. पोरांना हेही सांगा. आत आरडाओरडा आणि वेफर्सच्या पिशव्या मला चालणार नाहीत.

ए-१०२ : स्पीकर तरी घेऊ का? बसमध्ये गाणी?

डी-१०१ काकू : कोकरूडपर्यंत हवी तेवढी वाजवा. आत नको.

बी-३०१ : काकूंशी सहमत. आणि झोळंबीचा सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार, चुकवू नका. कातळावर मातीचा पातळ थर, त्यामुळं झाडं धरत नाहीत, नुसतं गवत. दाट रानातून एकदम उघड्यावर येतो आपण. गवे चरायला येतात तिथं, दिसले तर तिथंच दिसतील. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात चांदोली आहे. आपल्या जिल्ह्यात असून आपण दरवर्षी महाबळेश्वरला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सेक्रेटरी : ठरलं, चांदोली. पहाटे ५ ला निघू. पेठ नाका, शिराळा, कोकरूड, मणदूर. मोठी बस आत सोडतात का आणि परवान्याला कोणती कागदपत्रं लागतात, ते उद्या वनखात्याच्या ऑफिसात फोन करून विचारतो.

सी-२०४ : आमची चार नावं. आईंना चढ जमत नाही, गाडीतून बघता येईल ना?

सेक्रेटरी : तेही विचारतो, वहिनी.