घरच्या मोठ्यांना मोमो खायला नेलंय का?

दिंडवाली
नागपंचमीचे पुरणाचे दिंड उकडायला ठेवले होते. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून वाफेवरचंच सगळं. झाकण काढलं तर लेक म्हणे, "आई, मोमो झाले!" आणि मला बाबांची पार्टी आठवली.

बाबा म्हणजे जिल्हा परिषदेचे रिटायर गुरुजी. बाहेर खायचं म्हणजे एसटी स्टँडवरचे भजे, तेही गाडी लेट असली तर. भावाचा पहिला पगार झाला म्हणून तो सगळ्यांना संभाजीनगरच्या कॅनॉट मार्केटला घेऊन गेला. चार टेबलांचं हॉटेल, दारातच ॲल्युमिनियमचे डबे एकावर एक रचलेले. प्लेट आली. पांढरेफटक मोमो, लालभडक चटणी, वर मेयोनीज. बाबांनी एक उचलला, चिमटीत फिरवून बघितला, मधोमध फोडला. "कोबी हाय." पुढं गप्प. आम्हाला वाटलं आता कांदा-लिंबू मागतात. तर उठून सरळ मोमो वळणाऱ्या पोरापाशी. तो दार्जिलिंगचा. डाव्या अंगठ्यानं सारण आत दाबायचा आणि उजव्या हातानं काठाला चुण्या घालत जायचा, खाली न बघता, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत. बाबा बराच वेळ बघत उभे. परत आले आणि आईला म्हणाले, "तुझ्या मोदकाला एवढ्या कळ्या कधी आल्या का?"

आई घरी येईपर्यंत बोलली नाही. प्लेट मात्र बाबांनीच संपवली. मेयोनीज तेवढं "दही नासलंय" म्हणून बाजूला सारलं.

तुमचेही किस्से टाका. आजी, सासरे, मामा, कोणीही चालेल.

लातूर_ट्यूशन_एरिया
आमचं उलटं. आम्हाला मोमोनंच जगवलं. रविवारी रात्री मेस बंद, मग रूमवरचे सगळे मिळून एक स्टीम एक फ्राय, आणि चटणी फुकट म्हणून पुन्हा पुन्हा मागायची. शेवटी शेवटी तो चटणीचं पातेलं लपवायला लागला. नीट परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णा गावाकडून आले, धपाटे घेऊन. म्हणले चल, तुला काय आवडतं ते खाऊ घालतो. नेलं. अण्णांनी एक खाल्ला, "मिठाला कमी हाय" म्हणले आणि प्लेट माझ्याकडं सरकवली. मग नुसते बसून राहिले मी खायलो तोवर. बिल देताना विचारलं, एवढ्यानं पोट भरतं का रे?

नांदेडची_सून
दही नासलंय 😂😂 पण बाबा बरोबरच की. आमची नणंद हैदराबादला असते. 2024 च्या ऑक्टोबरात तिकडं मोमो खाऊन लोक आजारी पडले, एक बाई गेली बिचारी, मग तेलंगणा सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. तवापासून आमच्या घरात मेयो नाही. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवते, पोरं चाटून पुसून खातात.

भूमकर
फोटो?

दिंडवाली
दिंडाचा का बाबांचा?

भूमकर
दिंडाचा हो ताई. तूप वरून घातलेला.

जुना_पेठकरी
मोमो आता आले म्हणतात सगळे. आमच्याकडं थंडीत तिबेटी स्वेटरवाले यायचे, रस्त्याच्या कडेला कापडी पालं टाकून. 1959 नंतर भारतात आलेल्यांची ही पुढची पिढी. एक मावशी होत्या, कर्नाटकातल्या मुंडगोडहून यायच्या. माझी आई त्यांच्याशी स्वेटरच्या भावावरून घासाघीस करायची आणि त्याच दुपारी त्यांच्यासाठी भाकरी-ठेचा पाठवायची. एकदा त्यांनी डबा परत केला तर आत मोमो. आईनं उघडून बघितलं, म्हणाली करंज्या कच्च्या राहिल्यात त्यांच्या, आणि दिले की तळून! मी आयुष्यात खाल्लेले पहिले फ्राय मोमो ते. ठेचा मात्र त्या मावशींना काहीच तिखट लागला नाही, उलट अजून मागितला.

लातूर_ट्यूशन_एरिया
काकू एक नंबर 🙏

काळा_मसाला
सासूबाईंनी टीव्हीवर बघून ज्वारीचे केले होते. मैदा पोटाला वाईट म्हणून. मी म्हटलं ज्वारीत ग्लूटेन नाही, चुण्या धरणार नाही. म्हणाल्या तू शिकवू नको. पहिला घाणा चाळणीवरच उकलला, सगळा कोबी खाली पाण्यात.

गोदाकाठ
उकड काढली होती का पिठाची?

काळा_मसाला
उकड काढूनच. मग जाड पारी केली तेव्हा टिकले, पण ते मुटकेच झाले हो. आमटीत सोडून संपवले. सासरे म्हणाले, मोमो छान झालेत.

जालना_रोड
हॉटेलचं नाव लिहीत नाही, पण मामांना हौसेनं नेलं आणि बाहेरून वाफ, आत बर्फ. फ्रीजरमधले पाकिटातले टाकले होते. मामा स्वतः खानावळ चालवतात, त्यांनी मालकाला बोलावून वाफ किती वेळ द्यायची ते समजावलं. मालकानं बिल घेतलं नाही. मामा तरी पैसे टेबलावर ठेवून आले, शिकवणीची फी नको म्हणले.

परभणी_एक्स्प्रेस
परभणीत झोल मोमो कुठं मिळतील? तीळ-टोमॅटोच्या रस्श्यातले. नेपाळच्या ट्रिपला खाल्ले, तवापासून डोक्यात बसलेत. आपल्याकडं तीळ काय कमी आहेत का, कुणी करायला पायजे.

नांदेडची_सून
घरीच करा. तीळ भाजून, टोमॅटो-लसूण-लाल मिरची उकडून सगळं एकत्र वाटायचं, पाणी घालून पातळ. कूट जास्त झालं तर आपली आमटी होते.

गोदाकाठ
कॅनॉटला गाडी कुठं लावता हो तुम्ही लोक? मागच्या वेळी उचलून नेली माझी.

दिंडवाली
भाऊ रिक्षानंच नेतो सगळ्यांना. बाबा रिक्षावाल्यालाही पार्सल घ्यायला लावतात आता.

भूमकर
विषय सोडून विचारतो, पाऊस आहे का कुणाकडं? सोयाबीन माना टाकायलंय.

जालना_रोड
इकडं नुसती भुरभुर. काल रात्री गडगडलं अन् गेलं.

भूमकर
बरं. दिंडाचा फोटो राहिलाच.