डाव्रोस मरतो तरी किती वेळा? डॉक्टर हूच्या जुन्या कथांचा क्रम हवा आहे

प्रश्न: निळी_पेटी
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे २००५ नंतरचे सगळे सीझन बघून झाले, आता १९६३ ते ८९ ची जुनी मालिका सुरू केली आहे. ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ (१९७५) च्या शेवटी डालेक (चिलखती यंत्रात राहणारे खलनायक) स्वतःच्या निर्मात्यालाच, म्हणजे डाव्रोसला, उडवतात. मग २००८ मध्ये तो येतो कुठून? १९८८ मध्ये डालेकांचा स्कारो ग्रह नष्ट झाला, तोही २०१५ मध्ये जागच्या जागी. डालेकांच्या सगळ्या कथा बघायला वेळ नाही. कोणत्या बघितल्या तर धागा लागेल?

चौथा_भाग
फक्त डाव्रोसच्या पाच बघा, त्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत. ‘जेनेसिस’चे सहा भाग. मग ‘डेस्टिनी’ (१९७९, चार भाग): डालेक बंकर खणून त्याला बाहेर काढतात. खुर्चीतल्या राखीव यंत्रणेने त्याला तगवलं म्हणे, खुलासा एवढाच. शेवटी माणसं त्याला गोठवून कैदेत टाकतात. ‘रिसरेक्शन’ (१९८४) मध्ये नव्वद वर्षांनी डालेकच त्याला सोडवायला येतात, कारण मूव्हेलन या शत्रू यंत्रमानवांच्या विषाणूवर उतारा त्याच्याशिवाय कोणी काढू शकत नाही. ‘रेव्हेलेशन’ (१९८५, पाऊण तासाचे दोन भाग) मध्ये तो नेक्रॉस ग्रहावर माणसांपासून स्वतःशी इमानी डालेक बनवत असतो. जुने डालेक त्याला पकडून खटल्यासाठी स्कारोला नेतात. ‘रिमेम्ब्रन्स’ (१९८८, चार भाग) मध्ये हाच बाबा सम्राट होऊन बसलेला आणि जहाज फुटायच्या आत निसटतो.

‘रिसरेक्शन’ कुठे दोन भागांची, कुठे चार भागांची मिळेल. गोंधळू नका. चित्रित झाली चार भागांची, पण हिवाळी ऑलिंपिकमुळे बीबीसीने दोन लांब भागांत दाखवली. कथा तीच. आणि ‘डेस्टिनी’त डाव्रोसचा चेहरा विचित्र वाटेल, कारण ‘जेनेसिस’मधला डाव्रोस, मायकेल विशर, याच्या मापाचा जुनाच मुखवटा नव्या नटाला, डेव्हिड गुडरसनला, चढवला होता.

गॅलिफ्रेचा_पाहुणा
वरच्यात भर. डाव्रोसचं १९८८ ते २००८ मधलं पडद्यावर काहीच नाही. ‘द स्टोलन अर्थ’मध्ये (२००८) नायक डॉक्टरच सांगतो की टाइम वॉरच्या, म्हणजे डॉक्टरची जमात आणि डालेक यांच्यातल्या युद्धाच्या, पहिल्याच वर्षी डाव्रोसचं जहाज नाइटमेअर चाइल्डच्या जबड्यात गेलं; तिथून त्याला कान नावाच्या डालेकने ओढून काढलं. स्कारोचंही तसंच. टाइम वॉरमध्ये इतिहासच उलटापालटा झाला असं धरलं की प्रश्न मिटतो.

सोन्याची_धूळ
मिटत नाही. १९९६ च्या टीव्ही चित्रपटात डॉक्टरचा जुना वैरी मास्टर याच्यावरचा खटला स्कारोवरच चालतो, आणि तेव्हा टाइम वॉर कोणाच्या डोक्यातही नव्हतं. घोळ पहिल्यापासूनचा आहे. १९६३ च्या पहिल्या कथेत डालेकांना शहराच्या धातूच्या जमिनीतून वीज मिळते, ती तुटते आणि सगळे मरतात. पण प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले होते, म्हणून १९६४ मध्ये लंडनमध्ये हजर, पाठीवर वीज घेणारी तबकडी लावून! डॉक्टर म्हणतो, स्कारोवरचं ते लाखो वर्षांनी घडणार आहे. झालं काम. डालेकांच्या पूर्वजांना त्या पहिल्या कथेत डाल म्हटलंय, ‘जेनेसिस’मध्ये ते कॅलेड झाले. कोणी हाक ना बोंब, कारण जुना भाग पुन्हा बघायची सोयच नव्हती. बीबीसीने टेपा पुसल्या. ‘द ईव्हिल ऑफ द डालेक्स’ (१९६७) च्या सातांपैकी दुसरा भाग तेवढा उरला आहे.

ऐंशीच्या दशकात उलटा रोग लागला. सायबरमेन, म्हणजे यंत्र बनलेली माणसं, हे दुसरे खलनायक घ्या. ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’ (१९८५) कळायला १९६६ ची ‘द टेन्थ प्लॅनेट’ आणि १९६७ ची ‘द टूम्ब ऑफ द सायबरमेन’ माहीत हवी. यातली ‘टूम्ब’ तेव्हा बीबीसीकडेच नव्हती! ती हाँगकाँगमध्ये सापडली १९९१ मध्ये.

खलनायक परत आणताना त्याचा कमकुवतपणा कसा पातळ होतो तेही बघा. १९७५ मध्ये सोन्याची धूळ सायबरमेनच्या छातीवरच्या श्वसनयंत्रात अडकून ते गुदमरायचे, म्हणजे काहीतरी कारण होतं. १९८२ मध्ये सोन्याची कड असलेला बिल्ला त्या यंत्रात चुरडावा लागला. १९८८ ला डॉक्टरची सोबतीण एस बेचकीने सोन्याची नाणी मारते आणि ते पटापट पडतात. कारण गळालं, सोनं राहिलं.

निळी_पेटी
मग मास्टरचाही असाच क्रम सांगा ना, कमीत कमी कथांत.

चौथा_भाग
दोन पुरतील. ‘द डेडली असॅसिन’ (१९७६): बारा पुनर्जन्मांची (मरताना नवं शरीर घेण्याची) मर्यादा इथेच पहिल्यांदा येते, आणि ते संपल्यामुळे तो सडलेल्या अवस्थेत दिसतो. मग ‘द कीपर ऑफ ट्रॅकेन’ (१९८१). १९८४ मध्ये तो डॉक्टरच्या डोळ्यांदेखत जळतो आणि पुढच्याच वर्षी खुलाशाशिवाय शेतातलं बुजगावणं बनून उभा असतो; त्यात धागा शोधू नका, नाहीच आहे. ‘ट्रॅकेन’चा चौथा भाग मात्र नामावली सुरू होईपर्यंत बंद करू नका, कारण नवं शरीर तो अगदी शेवटच्या प्रसंगात चोरतो.