दोन सीझनमधले चार महिने: टर्बो ट्रॅक कारचं आधी वायरिंग करावं की आधी इंजिन खोलावं?

ट्रॅकवारी:
गाडी फक्त ट्रॅकवर चालते. 2 लिटर, चार सिलिंडर, बोअर 86 मिमी, कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि त्यावर पिगीबॅक (त्याचे सिग्नल बदलणारा जोड-बॉक्स). 1.2 बार बूस्टला (टर्बोने दिलेला जादा हवेचा दाब) साधारण 320 हॉर्सपॉवर. पुढच्या सीझनला मोठा टर्बो, 1.4 बार आणि 400 हॉर्सपॉवर धरलंय. इंधन पेट्रोलच. 2618 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन आणि स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ईसीयूच्या जागी बसणारा) आणून ठेवलेत.

सध्याची हालत: लांब उजव्या वळणात 6500 आरपीएमला ऑइल प्रेशर 4.5 बारवरून 2 वर येतं. 6000 च्या पुढे मधूनच मिसफायर, लॉगमध्ये ट्रिगर एरर (क्रँकच्या स्थितीचा सिग्नल चुकतोय). 4 नंबरच्या प्लगच्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके आहेत, दोन ठिकाणी ॲल्युमिनियमची चमकही दिसते. लीक-डाउन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते) 1, 2, 3 ला 7-8 टक्के, 4 ला 18, आणि हवा ऑइल फिलरमधून येते. शेवटच्या लॅपांत कूलंट एक्स्पान्शन टाकीतून बाहेर पडतं.

आधी वायरिंग आणि ईसीयू बसवून जुन्या इंजिनवर ट्यून करू, की आधी इंजिन खोलू? इंजेक्टर किती सीसीचे घ्यावेत?

तारजुळणी:
वायरिंग आधी. इंजिन ज्यामुळे खराब झालं ते कारण तसंच राहिलं, तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातील.

ट्रिगर एररपासून सुरुवात करा. क्रँक सेन्सर व्हीआर प्रकारचा (चुंबक आणि कॉइलचा) असेल तर गॅप फीलर गेजने मोजा. 0.8 ते 1 मिमीच्या आसपास हवी, आणि ट्रिगर व्हील (क्रँकवरचं दातेरी चाक, ज्यात दाता मुद्दाम गाळलेला असतो) हाताने पूर्ण फिरवत चार ठिकाणी मोजा. व्हील जरा जरी वाकडं चालत असेल, तर एका बाजूला सिग्नल तगडा आणि दुसऱ्या बाजूला लंगडा मिळतो. सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या आणि शील्डमध्ये हव्यात. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा, सेन्सरकडचं टोक कापून हीट श्रिंकखाली बंद करा. दोन्हीकडे अर्थ दिलं की शील्डमधूनच करंट वाहायला लागतो. पोलॅरिटी उलटी लागली तरी गाडी सुरू होऊ शकते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. रिकाम्या दात्याजवळ सिग्नल चुकीच्या उतारावर वाचला जातो आणि रेस वाढली की टायमिंग सरकतं. स्कोप लावून वेव्हफॉर्म बघा, अंदाजावर जाऊ नका.

सेन्सरचं ग्राउंड थेट ईसीयूला, बॉडीला कुठेही नाही. इंजेक्टर, कॉइल आणि ईसीयूचं पॉवर ग्राउंड इंजिन ब्लॉकवर एकाच जागी, रंग खरवडून. मग इंजिन चालू, पंखा आणि पंप चालू ठेवून ईसीयूचं ग्राउंड आणि बॅटरीचा मायनस यांमध्ये मल्टिमीटर लावा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सेन्सरची रीडिंगं खोटी येणार.

जोड क्रिंपचेच (टर्मिनल दाबून केलेले) करा. सोल्डर तारेच्या धाग्यांमधून वर चढतं, तिथे तार काठीसारखी ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्या कडेला तुटते. इन्सुलेशन वरून शाबूत दिसतं, म्हणून दोष शोधण्यात दिवस जातात.

सेन्सरमध्ये काटकसर करू नका. 1.4 बार बूस्ट म्हणजे सुमारे 2.4 बार ॲब्सोल्यूट, त्यामुळे 2.5 बारच्या मॅप सेन्सरला (इनटेकमधला दाब मोजणारा) ओव्हरबूस्ट दिसणारच नाही. 3 बार ॲब्सोल्यूट किंवा वरचा घ्या. वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा एक्झॉस्टमधला सेन्सर) टर्बोनंतरच्या पाइपवर, आडव्या रेषेपेक्षा किमान 10 अंश वर कलता. पाइपच्या खालच्या बाजूने लावला तर पाणी साचून सिरॅमिक तडकतं. नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी पेटल्याचे ठोके, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा) उघड्या, सपाट धातूवर, वॉशर न घालता, 20 न्यूटन-मीटरला. ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशर दोन्ही लॉगमध्ये हवेतच. इंजिन कटची पायरी मी अशी ठेवेन: 4000 च्या वर ऑइल प्रेशर 0.3 सेकंदापेक्षा जास्त वेळ 2.5 बारच्या खाली राहिलं की इंजिन बंद.

होनिंग:
वायरिंगबद्दल सगळं मान्य, क्रम मान्य नाही. 18 टक्के हवा रिंगांमधून जातेय आणि प्लगवर ॲल्युमिनियम आहे. म्हणजे 4 नंबरच्या पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांच्या खाचांमधली कड) फुटलीय किंवा फुटायला आलीय. अशा इंजिनवर डायनो (पॉवर मोजायचं यंत्र) ओढला तर तुकडा बोअर ओरबाडेल, आणि रीबोअरने भागणारं काम स्लीव्हवर (बोअरमध्ये नवी नळी बसवण्यावर) जाईल. शिवाय जुन्या टर्बोवर केलेला ट्यूनचा मॅप नव्याला चालणारही नाही.

इंजिन उतरवण्याआधी इंजिनच्या बेमध्ये सुतळी धरून ईसीयूपासून प्रत्येक सेन्सरपर्यंतची लांबी घ्या, चिठ्ठी बांधा. मग ब्लॉक मशीन शॉपमध्ये असताना हार्नेस (वायरिंगचा जुडगा) टेबलावर तयार होतो. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात.

बोअर मोजल्याशिवाय पिस्टनचा साइज ठरवू नका. 4 नंबरला ओरखडा असेल तर ओव्हरसाइज लागेल, तुम्ही आणलेले बसतीलच असं नाही. 2618 गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून 86 मिमीला 0.09 ते 0.10 मिमी क्लिअरन्स. थंड इंजिनात पिस्टनचा खडखडाट येईल, तो चालतो. पिस्टनसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. होनिंग (बोअर घासून शेवटच्या मापाला आणणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच. हेडचे स्टड आवळले की बोअर वरच्या बाजूला गोल राहत नाही, ते रूप आधीच गृहीत धरावं लागतं.

वरच्या रिंगच्या टोकांमधली गॅप 0.45 ते 0.50 मिमी, दुसरीची थोडी जास्त. रिंग त्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ करून मोजा. गॅप कमी ठेवण्याचा मोह होतो, पण बूस्टखाली रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लँड उचकटते. बेअरिंगला 50 मिमी जर्नलमागे (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) 0.05 ते 0.06 मिमी क्लिअरन्स. रॉड बोल्ट किती लांबतो ते मोजून आवळा, नुसत्या टॉर्कवर विसंबू नका, कारण आट्यांवरच्या वंगणाने टॉर्कचा आकडा सहज फसवतो.

कूलंट बाहेर पडतंय ते हेड उचललं जात असल्याचं लक्षण असू शकतं. एमएलएस (अनेक थरांच्या स्टीलचं) गॅस्केट, जाड स्टड, आणि हेड-ब्लॉक दोन्हींचे पृष्ठभाग आरए (खडबडीतपणाचं माप) 1.25 मायक्रॉनपेक्षा गुळगुळीत. सोबत कूलंट प्रेशर सेन्सर नक्की लावा. प्रेशर तापमानाबरोबर सावकाश चढलं तर ठीक. बूस्टबरोबर उडी मारून चढलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय.

ऑइल प्रेशर पडतं त्यावर जास्त ऑइल ओतणं हा उपाय नाही. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि पंप फेस ओढतो. ऑइलच्या चेंबरमध्ये पिकअपभोवती (पंप ऑइल ओढतो ते तोंड) एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांचे बॅफल (आडपडदे) हवेत. तरीही प्रेशर पडलं तर ऑइल ॲक्युम्युलेटर (दाबाखाली ऑइल राखून ठेवणारी टाकी), आणि त्यापुढे ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना).

दाबमापक:
इंजेक्टरचा हिशोब: टर्बो पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण 6.3 सीसी. 400 ला 2520, चौघांत वाटून 630. ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) 85 टक्क्यांच्या वर नको, म्हणून 630 भागिले 0.85, म्हणजे 741. 3 बार फ्युएल प्रेशरला 750 सीसीचे अगदी काठावर, 850 घेतले तर श्वास राहतो. संच एकमेकांशी 2 टक्क्यांच्या आत जुळणारा आणि डेड टाइमचा (सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ) व्होल्टेजनुसार तक्ता असलेलाच घ्या, नाहीतर आयडल कधीच स्थिर होणार नाही.

पंपाला तासाला 151 लिटर लागतात, पण 3 बार मूळ प्रेशर अधिक 1.4 बूस्ट म्हणजे 4.4 बारला. डब्यावरचा आकडा बहुधा कमी दाबाचा असतो, तेव्हा प्रेशरनुसारचा ग्राफ बघून निवडा. पंपाला रिले आणि जाड तार द्या. पंपाच्या टोकाला 1 व्होल्ट कमी पोचला तरी फ्लो चांगलाच घसरतो.

ट्रॅकवारी:
पटलं, इंजिन उतरवतो. 4 नंबरच का, हे कसं शोधायचं? आणि बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल रिस्ट्रिक्टर (ऑइलचा प्रवाह कमी करणारं बारीक छिद्र) लागतो का?

होनिंग:
जुने इंजेक्टर फेकू नका, आधी चारही फ्लो बेंचवर लावा. 4 चा कमी निघाला तर उत्तर मिळालं. वाइडबँड चौघांची सरासरी दाखवतो, एक सिलिंडर लीन (इंधन कमी मिळणारा) असेल तर ते त्यात झाकलं जातं. फ्लो सारखा निघाला तर चारही पोर्टना एक्झॉस्ट तापमानाचे प्रोब लावून इंधन आणि टायमिंग सिलिंडरनुसार जुळवा. ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा) पाइपही तपासा. ऑइलची वाफ इनटेकमध्ये आली की मिश्रणाचा ऑक्टेन उतरतो, नॉकिंग सुरू होतं. ही वाफ अडवून ऑइल साठवणारा कॅच टँक हवाच.

रिस्ट्रिक्टर बॉल बेअरिंगला सहसा लागतो, साधारण 1 मिमीचा. जर्नल बेअरिंगच्या (साध्या बुशवर फिरणाऱ्या) टर्बोला सहसा नको. ड्रेन पाइप मात्र जाड, जमेल तितका उभा आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला. ड्रेन तुंबला की सील चांगलं असूनही टर्बो धूर करतो.

तारजुळणी:
पहिल्या स्टार्टला प्लग काढून, इंजेक्टर बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा. सुरू झाल्यावर ईसीयूमध्ये टायमिंग 15 अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर बघा, आयडलला आणि पुन्हा 4000 ला. दोन्हीकडे 15 च दिसले पाहिजेत. 4000 ला 12 किंवा 18 दिसले तर ट्रिगर अजून बरोबर नाही. तोवर बूस्ट देऊ नका.